कळसच्या रानातल्या लाल झेंड्या

बारामतीला लोक ऊस बघायला जातात, द्राक्षबागा बघायला जातात, सोयरीक जमवायला जातात. मी नेतृत्व शिकायला गेले. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवार-रविवार शिकायचं आणि रविवारच्या शेवटच्या गाडीने नेता होऊन घरी परतायचं, असा बेत होता.

त्या काळी आमच्या जुन्नरला एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच लागले होते आणि मी कॉलेजच्या छात्रसेनेत दुसऱ्या वर्षाला होते. छात्रसेना म्हणजे खाकी गणवेश, रविवारची परेड आणि परेडनंतरचा नाश्ता. मुली नाश्त्यासाठी येतात असं मुलं म्हणायची. मुलंही त्यासाठीच यायची. मी मात्र डोंगरासाठी नाव घातलं होतं. दर उन्हाळ्यात जिल्ह्यातून एका मुलीला हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिराला पाठवतात, हे मला प्रवेश घेतानाच कळलं होतं. शिवनेरी, चावंड, हडसर हे आमचे परसदारचे किल्ले, ते चढून झाले होते. बर्फ मात्र मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता. यंदा ते एक नाव बारामतीच्या नेतृत्व शिबिरात ठरणार, असं आमच्या सरांनी सांगितलं आणि नेतृत्व या विषयाची मला एकदम गोडी लागली.

शुक्रवार, बारामती

बारामतीत उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. कारखान्यांचे दिवस होते, आणि वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस-गोड वास गावभर फिरत होता. माझ्याबरोबर आमच्याच कॉलेजची मंदा होती. तिने तो वास दोनदा ओढून घेतला आणि "भूक लागली" म्हणाली. मंदाला कोणत्याही वासाने भूक लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे आभाळ. आमच्याकडे कुठल्याही खिडकीतून बघा, समोर डोंगर उभा असतो आणि आभाळ उरलेल्या जागेत बसवलेलं असतं. इथे सगळं सपाट. नजर टाकली की ती उसाच्या शेंड्यावरून जी जाते ती कुठे अडतच नाही. मला जरा उघड्यावर आल्यासारखं वाटलं. मंदाला विचारलं तर ती म्हणाली, "चालायला बरं."

मुक्काम एका शाळेत होता. मुलींसाठी एक वर्ग रिकामा केला होता आणि फळ्यावर कुणीतरी भूमितीचं प्रमेय अर्धवट सोडलेलं होतं. तिथेच आम्हाला केशर भेटली. ती निमगाव केतकीची, म्हणजे इंदापूर तालुक्यातली. तिच्या आजोबांची मेंढरं होती, वडिलांची भाजी होती आणि तिला फौजदार व्हायचं होतं. चौथी एक दौंडची मुलगी होती, जिला शिबिर सुरू होण्याआधीपासून सर्दी होती. आम्हा चौघींची एक तुकडी झाली. तुकडीची प्रमुख म्हणून माझं नाव घातलं गेलं, कारण बाकी तिघींनी ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी गणवेशाच्या इस्त्रीचा प्रश्न आला. केशरने स्वयंपाकघरातून पितळी तांब्यात निखारे आणले आणि आम्ही आळीपाळीने कपडे दाबून घेतले. मंदा दाबताना बोलण्यात गुंगली. तिच्या पँटवर मागच्या बाजूला तांब्याच्या बुडाचा गोल तपकिरी ठसा उमटला. पुढचे दोन दिवस ती शक्यतो भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

शनिवार, बारामती

शनिवारी व्याख्यानं झाली. पुण्याहून एक वक्ते आले होते. त्यांनी टाय लावला होता आणि बरोबर प्रोजेक्टर आणला होता. पडद्यावर त्यांनी एक चित्र दाखवलं: पुढे सिंह, मागे मेंढरांचा कळप. "यावरून काय बोध होतो?" त्यांनी विचारलं.

केशरने हात वर केला. "सर, म्होरं सिंह हाय तर मेंढरं मागं थांबतील कशी? आमची तर कुत्रं आडवं आलं तरी बांध तोडून जातात."

"हे प्रतीक आहे," वक्ते म्हणाले.

केशर खाली बसली. "प्रतीक असलं तरी पळतील," ती मला हळूच म्हणाली.

दुपारी मैदानात खेळ झाले. आपण डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, असा एक होता. मंदा सूचना पूर्ण व्हायच्या आधीच पडली, त्यामुळे तिला मैदानानेच झेललं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या तुकडीला अडथळ्यांमधून घेऊन जायचं, असा दुसरा होता. त्यात मात्र आमची तुकडी पहिली आली. मी ओरडत नव्हते, एवढंच कारण. बाकीचे सगळे प्रमुख एकदम ओरडत होते आणि डोळे बांधलेल्या बिचाऱ्यांना आपला कोण आणि परका कोण ते कळत नव्हतं.

संध्याकाळी उस्तादांनी मला बोलावलं. उस्ताद म्हणजे आम्हाला कवायत शिकवणारे सुभेदार. माणूस साताऱ्याकडचा, पण इतकी वर्षं पलटणीत काढलेली की बोलताना निम्मं हिंदी यायचं. ते म्हणाले, "उद्या तुझी तुकडी पुढे जाणार. वाट तू आखायची. लाइन सीधी पाहिजे. सगळे जेवायच्या टायमाला पोचले, तर पहाडाच्या शिबिराला तुझं नाव. लाइन बिघडली, नाव कट."

मग त्यांनी नियम सांगितले. ट्रक आम्हाला कळस गावाच्या पुढे रानात सोडणार. पहिल्या तुकडीने होकायंत्र बघून सरळ रेषेत निमगाव केतकीच्या शाळेकडे चालायचं आणि वाटेत थोड्या थोड्या अंतरावर लाल झेंड्या रोवत जायचं. मागच्या तुकड्यांकडे ना नकाशा, ना होकायंत्र. त्यांनी फक्त झेंड्या बघून यायचं, आणि सगळ्यात शेवटच्या तुकडीने त्या गोळा करायच्या. झेंडीशिवाय दुसरी खूण करायची नाही, हाका मारायच्या नाहीत, मागच्यांसाठी थांबायचं नाही, माणूस मागे ठेवायचा नाही.

झोपताना मी मनातल्या मनात बर्फावर चालून पाहिलं. चांगलं जमत होतं.

रविवार, कळसच्या पुढे

सकाळी थंडी मी म्हणत होती. ट्रकमधून उतरलो तेव्हा ज्वारीच्या पानांवर दव होतं आणि दौंडच्या मुलीच्या नाकाचा रंग आमच्या झेंड्यांसारखाच झाला होता. मी होकायंत्र गळ्यात अडकवलं, दूरचं एक बाभळीचं झाड खूण म्हणून धरलं आणि आम्ही निघालो. मी दिशा बघायची, केशर झेंडीची काडी रोवायची, दौंडची मुलगी मागे वळून रेष सरळ आहे का ते बघायची. मंदाकडे झेंड्यांचा भारा होता. पाठीमागचा गोल ठसा झाकण्यासाठी तो भारा तिने स्वतःहून मागून घेतला होता.

रेष सुरेख चालली होती. ज्वारीच्या दोन पट्ट्यांमधून, हरभऱ्याच्या कडेने, एका चारीवरून, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावरून, उडी मारून आम्ही डाळिंबाच्या बागेत शिरलो. झाडं कमरेएवढी, नुकती फळ धरायला लागलेली. मधल्या मोकळ्या सरीतून जाता येत होतं, म्हणून तिथे आम्ही झेंड्या रोवल्या. झाडांना धक्का लागू दिला नाही याचं मला कौतुकही वाटलं.

बागेच्या टोकाला विहीर होती आणि विहिरीजवळ धूर निघत होता. धुराशेजारी एक गृहस्थ उभे होते. धोतर, मुंडासं, अंगावर स्वेटर. ते बराच वेळ आमच्याकडे बघत असावेत.

"बाईसाहेब," त्यांनी मलाच हाक मारली, "जरा टेका की हितं. हुरडा लावलाय."

मी घड्याळाकडे बघितलं. केशर माझ्या कानाशी म्हणाली, "थांबायला लागंल. हुरड्याला न्हाय म्हनत न्हाईत हितं."

मंदाने भारा आधीच खाली ठेवला होता.

त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, आमच्यासाठी घोंगडी अंथरली. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती. काकू एकेक कणीस काढायच्या, तळहातांमध्ये चोळायच्या, फुंकर मारून भुसा उडवायच्या आणि ते हिरवे गरम दाणे आमच्या ओंजळीत ओतायच्या. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. आमच्या जुन्नरकडे पाहुण्याला मासवडी करतात, पण ती पाहुण्याने आधी कळवलं तर. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी चौघींना असं बसवून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. कोण, कुठल्या, कशाला आलात, तात्या काहीच विचारत नव्हते. पाहुणा खाऊन उठल्याशिवाय त्याचं काम विचारायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. त्यांनी विचारलं नाही म्हणून आम्ही सांगितलं नाही.

केशर निमगावची म्हटल्यावर तात्यांना आनंद झाला. तिच्या चुलत्यांची ओळख निघाली. मग ते आपलं सांगू लागले. "आमचा बा मेंढरं घिऊन कोकनात जायचा. सा-सा म्हयनं घराला तोंड न्हाय. आमी ठरिवलं, आता माती धरायची. भीमंच्या काठाला चांगली काळी जमीन हुती, ती धरनात गेली. मंग हितं दिली. माळ हुता निस्ता."

"पयल्या साली घागरीनं पानी घातलंय ह्या डाळिंबास्नी," काकू म्हणाल्या आणि पुढचं कणीस पहिल्यांदा माझ्या ओंजळीत ओतलं. पहिली ओंजळ प्रत्येक वेळी माझीच येत होती. दह्याची वाटीही मला एकटीलाच भरून दिली होती. मला वाटलं, माझा चेहराच तसा असेल.

हात धुतले. मी उठून होकायंत्र नीट केलं. तेव्हा तात्या जवळ आले.

"बाई, एक इचारू का? राग मानायचा न्हाय."

"विचारा की."

"लाइन वाईच तिकडनं घेता यील का?" त्यांनी बांधापलीकडे बोट केलं. "त्ये बापूरावचं रान हाय. पडीकच पडलंय. त्येला काय फरक पडत न्हाय."

"कसली लाइन?"

तात्या हसले. सरकारी माणसाने असं विचारायचंच असतं, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते हसणं होतं. "नवी चारी निघनार म्हनून गावात बोलनं हाईच. आता बायाबी धाडल्या मोजनीला, लई चांगलं झालं. बायास्नी माया असती."

केशरचा चेहरा माझ्याआधी बदलला. मग मलाही उमगलं. खाकी कपडे, गळ्यात यंत्र, हातात नकाशा, एक डोळा मिटून बघणं आणि भर बागेतून लाल झेंड्यांची सरळ रांग. आम्ही सकाळपासून त्यांच्या रानातून कालवा काढत होतो. आणि त्यांनी आम्हाला पोटभर हुरडा घातला होता.

मी सगळं समजावून सांगितलं. छात्रसेना, शिबिर, सराव, मागून येणाऱ्या तुकड्या, दुपारपर्यंत सगळ्या झेंड्या निघतील. केशरने तेच पुन्हा त्यांच्या बोलीत सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवत.

"सराव. बरं," ते म्हणाले.

"खरंच सांगते, तात्या."

"व्हय की. धरनाच्या टायमालाबी अशीच पोरं आल्ती. चांगल्या घरची. आमच्या आईनं तेंला भाकरी वाढली. म्हनाली, बाळांनो, कशाच्या रं झेंड्या? ती म्हनली, आजी, आमी नुसतं बघतोय."

"मग?" मंदाने विचारलं.

"मंग काय. बघितलं."

मला त्या वेळी तात्यांचा राग आला, हे सांगितलं पाहिजे. मी खरं बोलत होते. इतकं खरं मी घरीही बोलत नाही. आणि हा माणूस माझ्या प्रत्येक शब्दावर मान हलवत होता आणि त्यातला एकही मानत नव्हता. बागेतून मागे बघितलं तर माझी रेष दिसत होती, ताणलेल्या दोरीसारखी सरळ. त्या रेषेच्या टोकाला माझा बर्फ होता. निघून जाणं सोपं होतं. दुपारी शेवटची तुकडी झेंड्या काढून नेईल, संध्याकाळपर्यंत तात्यांचीही खात्री पटेल, असं मी स्वतःला समजावत होते.

"झेंड्या बापूरावांच्या रानात सरकवू," मंदा म्हणाली. "पडीक आहे म्हणतायत ना."

"मग ते येतील हुरडा घेऊन."

"गाडीवाटेने लावू या."

"गाडीवाटंनं लावली तरी आमच्याच बांधाला लागती," तात्या शांतपणे म्हणाले.

काकू आगटीजवळ बसून होत्या. त्यांच्या हातात एक कच्चं कणीस होतं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "आजून भाजू का, बाई?"

तो प्रश्न मला सोसला नाही. आम्ही पोट भरून उठलो होतो आणि त्या अजून भाजायला तयार होत्या, कारण अजून काय करता येईल हे त्यांना सुचत नव्हतं.

"नको काकू," मी म्हणाले. आणि तुकडीला सांगितलं, "झेंड्या काढा. या रानातल्या सगळ्या. आणि इथून दिसतायत त्याही."

"नाव जाईल तुझं," मंदा म्हणाली.

"माहीत आहे."

आम्ही आलो त्या वाटेने उलट गेलो. तात्या बरोबर चालत होते. त्यांनी एकाही झेंडीला हात लावला नाही. मी काडी उपटेपर्यंत ते तिच्याशेजारी उभे राहायचे आणि मग ते भोक टाचेने दाबून बुजवायचे. रान भिजवलेलं होतं, काड्यांच्या टोकांना चिखल येत होता. हरभऱ्यापर्यंत मागे गेल्यावर ते थांबले. "बास," म्हणाले. मग मुंडासं काढून पुन्हा बांधलं.

बांधापलीकडे पडीक रानात एक माणूस लुना स्टँडवर लावून उभा होता आणि आमच्याकडे बघत होता. तात्यांनी त्याला हात केला. त्याने केला नाही.

निमगाव केतकी

झेंड्यांची रांग मध्येच तुटल्यावर मागच्यांचं जे व्हायचं तेच झालं. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा जेवण तयार होतं आणि जेवायला आम्ही चौघीच होतो. मुलांची एक तुकडी उसात शिरली आणि उसाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तेव्हा ती दुसऱ्या गावात होती. दुसऱ्या तुकडीला लांबून लाल काहीतरी दिसलं, ते कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं निघालं. तिथे त्यांना चहा मिळाला. बारामतीच्या मुलींची तुकडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गाणी म्हणत आली. शेवटची तुकडी यायला उन्हं कलली.

उस्तादांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं.

"बीचमधल्या झेंड्या कुणी काढल्या?"

"मी, सर."

"हुकूम कुणाचा?"

"माझाच."

"वजह?"

मी सांगितली. हुरड्यासकट. मागे कुणीतरी हसलं, उस्ताद हसले नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, तू केलंस ते बरोबर असेल. परीक्षा लाइनची होती."

पहाडाच्या शिबिराला ट्रॉलीतून आलेल्या तुकडीच्या प्रमुखाचं नाव गेलं. त्यांनी निदान वाट विचारली होती.

मी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. चांगली हुंदके देऊन रडले. मी केलं ते चुकलं असं मला वाटत नव्हतं, तरी रडू येत होतं आणि त्याचा मला फार अपमान वाटत होता. मंदा टाकीला वळसा घालून आली. तिच्या हातात दोन द्रोण होते.

"रडायचं तर रड," ती म्हणाली, "पण बुंदी संपत आली आहे."

मी बुंदी खाल्ली. रडताना गोड खाल्लं की घशात अडकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवार संध्याकाळ, इंदापूर

समारोप इंदापुरात होता. सभागृहात भाषणं झाली, सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. माझ्याही प्रमाणपत्रावर "उत्तम नेतृत्वगुण" असं छापलेलं होतं. मग ट्रक एसटी स्टँडबाहेर उभा राहिला. पुण्याची गाडी यायची होती. उस्ताद मागच्या फळीशी उभे राहून सामान मोजत होते आणि मी झेंड्यांच्या भाऱ्याशेजारी बसले होते.

तेवढ्यात एक लुना धापा टाकत आली. सकाळी पडीक रानात उभा असलेला तोच माणूस. हँडलला पायांनी बांधलेला एक कोंबडा उलटा लटकत होता आणि सभोवतालचं इंदापूर तसंच बघत होता.

"मोजनीच्या बाई तुमीच का?" त्याने मला विचारलं. "मी बापूराव. निमगावला गेल्तो, तिथं म्हनले हिकडं आला."

मी खाली उतरले.

"तात्याच्या रानातली झेंडी काढली म्हनं."

"काढली."

"मंजे आता आमच्यातनं जानार."

"कुणाच्याच रानातून जाणार नाही, बापूराव. चारीबिरी काही नाही. आमचा सराव होता. त्या झेंड्या सरावासाठी होत्या."

"तात्यालाबी ह्येच सांगितलं का?"

"हो."

"आन मंग काढली."

"हो."

"मंग आमचीबी काढा की."

"तुमच्या रानात लावलीच नव्हती."

 बापूरावांनी कोंबडा सोडून फळीवर ठेवला. माणूस पन्नाशीचा असेल, दाढी वाढलेली. रान पडीक का होतं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. विहीर यंदा खणायला काढली होती, पाणी लागलं की पेरायचं होतं.

"तात्या आत्ता घरात निवांत बसलाय," ते म्हणाले. "सगळ्यास्नी सांगतोय, बाईनं सोता हातानं उपटली. आमची मंडळी सकाळपास्नं चुलीम्होरं बसली न्हाय. मी तिला जाऊन काय सांगू? सराव हुता म्हनून? आमी काय उपाटलेलं बघितलं?"

मी सकाळी जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. छात्रसेना, शिबिर, होकायंत्र. सगळं खरं. पण खरं बोलून सकाळी एकाही माणसाचं समाधान झालं नव्हतं. तात्यांच्या रानात निदान उपटायला झेंड्या तरी होत्या.

मी ट्रकवर चढले आणि भाऱ्यातून एक झेंडी ओढून काढली. काडीच्या टोकाला तात्यांच्या बागेतला ओला चिखल होता. बापूरावांचं रान कोरडं. मी त्यांच्याकडे पाठ करून ते टोक बुटाने पुसलं आणि खाली उतरले.

"ही तुमच्या रानातली," मी म्हणाले. "मघाशी विसरले. बांधाच्या आत एकच लावली होती. सकाळीच काढली."

बापूरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली. काडी फिरवून बघितली, टोक बघितलं, कापड बघितलं.

"येकच हुती?"

"एकच."

"आन ही घिऊन जाऊ?"

"घेऊन जा. घरी दाखवा."

त्यांचे खांदे खाली आले. सबंध दिवसात माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. कोंबडा परत घ्या म्हणून मी खूप आग्रह केला, पण ते ऐकायला तयार नव्हते. मंदा म्हणाली, असू दे आता.

उस्ताद फळीशी उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. "एक झेंडी कम," ते म्हणाले. "काय सांगू वरती?"

"हरवली म्हणा, सर. माझ्याकडून."

"ठीक," ते म्हणाले आणि पुढचं सामान मोजायला लागले.

बापूरावांनी कापड काडीभोवती घट्ट गुंडाळलं आणि झेंडी शर्टाच्या आत घातली, वाटेत कुणाला दिसू नये म्हणून. मग पायडल मारत लुना चालू केली. हमरस्त्याकडे वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. खड्डा आला की ते एक हात सोडून छातीशी नेत होते, झेंडी जागेवर आहे ना ते बघायला.